सामाईकाची कुदळ

मी एक जुनी, झिजून बोटभर उरलेली कुदळ आहे. मित्रांनो, डोडोमा शहराकडच्या एका लोहारानं मोडक्या ट्रकच्या पोलादातून मला घडवलं, तेव्हा माझं पातं चांगलं रुंद होतं. चिदोसा नावाच्या शेतकऱ्यानं मला विकत घेतलं. त्याची बायको, सेचेलेला तिचं नाव, मला शेजारणींना कौतुकानं दाखवायची. मला फार बरं वाटायचं.

मग सरकारनं लांबलांबच्या वाड्या मोडून सगळ्यांना एका गावात आणलं. एक सामाईक शेत, एक सामाईक कोठार. मिळून कसायचं, मिळून खायचं. शिवाय ज्याला जमलं त्यानं रान तोडून घरामागे स्वतःचा तुकडा केला. चिदोसाच्या तुकड्यासाठी नवी कुदळ आली आणि माझी रवानगी सामाईकात झाली.

घरोघरी हेच झालं. त्या शेतात गावभरच्या बोथट, खिळखिळ्या कुदळींची जत्रा भरायची. फक्त न्येमो आजी आपली एकुलती एक धारदार कुदळ आणायची. तिला मूलबाळ नव्हतं आणि रान तोडायची ताकदही उरली नव्हती.

"आजी, चांगली कुदळ इथं कशाला झिजवतेस?" चिदोसा म्हणाला. "सामाईकाला म्हातारी चालते."

"म्हातारी तर मीच आलेय की," आजी म्हणाली. "आणि माझं दुसरं शेत कुठाय रे?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, याची आज लाज वाटते.

आम्ही माती नुसती खरवडत होतो. त्या वर्षी पाऊस दडला आणि उथळ खणलेलं ते शेत सगळ्यात आधी करपलं. कोठाराचा तळ लवकरच दिसला. घरामागच्या तुकड्यांवर थोडी बाजरी आली होती, ती लोक दार लावून शिजवत. त्यांचीही पोरं उपाशी होती. आजी मात्र रोज कोठारापाशी येऊन बसायची. सेचेलेलानं काही दिवस तिला उगालीचा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा, गोळा दिला, मग तिचंही पीठ संपत आलं. एका सकाळी आजी उठलीच नाही.

तिची कबर सामाईक शेताच्या कडेला खणायची ठरली. मी तिथंच पडून होते. चिदोसानं मला उचललं, पातं पाहिलं आणि बाजूला टाकलं.

"ही नको," तो बायकोला म्हणाला. "जमीन दगड झालीय. घरची नवी आण."

थोड्याच वेळात प्रत्येक घरातली नवी कुदळ त्या शेतात आली. तेही पहिल्यांदाच. खड्डा हां हां म्हणता खोल झाला.

मित्रांनो, सगळ्यांच्या कामाला घरातली चांगली कुदळ न्या. माणसं जिवंत आहेत तोवर न्या.