खडूच्या भुकटीवरची रेघ

भाऊ कासार आठवले की आधी वास येतो, रॉकेलचा आणि खडूचा. मग प्रकाश. कसबा पेठेतल्या त्यांच्या वर्कशॉपला पूर्वेकडे एकच झरोका होता आणि मार्गशीर्षातल्या सकाळी त्यातून उतरणारी कोवळी तिरीप लेथवरून सरकत त्यांच्या हातांपाशी येऊन थांबे. त्या हातांत मुठीएवढा राखाडी पिस्टन असे आणि त्यावर अंगाऱ्यासारखी पसरलेली पांढरी भुकटी. ती उडू नये म्हणून भाऊ श्वास रोखून धरत. मीही रोखत असे, पण भीतीने.

भीती केतकीची, माझ्या मुलीची. आठवडाभर ती कंपनीत संगणकापुढे बसते आणि सुटीच्या दिवशी शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यतीत मोटारसायकल पळवते. या शर्यतीत वळण नसतं, चढ नसतो. दोघं शेजारी उभे राहतात, हिरवा दिवा लागतो आणि मी डोळे मिटेतो सगळं संपलेलं असतं. तिची गाडी तिच्या जन्माच्याही आधीची, बिबवेवाडीतल्या एका भंगारवाल्याकडून आणलेली. एकदा सरावात इंजिनातला पिस्टन फुटला, मागचं चाक जागच्या जागी अडलं आणि ती डांबरावरून दूरवर घसरत गेली. कोपर सोलवटलं, एवढंच. 'एवढंच' हा तिचा शब्द. माझ्या तोंडून तो अजून निघत नाही.

तिचा गट मूळ रूपातल्या गाड्यांचा. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच गाडी धावली पाहिजे, हा नियम. पण त्या गाडीचे सुटे भाग बनणं कधीच थांबलं होतं. म्हणून शर्यतीच्या समितीने पर्यायी पिस्टन करून घेण्याची मुभा दिली होती. मात्र त्याचा आकार, वजन, धातू सगळं मुळाबरहुकूम हवं. दोन नग द्यायचे. त्यातला एक समिती कापून आतून पाहणार, आणि मंजुरीचा कागद मिळाला तरच दुसरा गाडीत बसणार. मुळापेक्षा वाईट चालणार नाही हे मला पटलं होतं. मुळापेक्षा चांगलाही चालणार नाही, हे कळायला भाऊंच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

भाऊ सत्तरीचे, किडकिडीत, कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी उगाच त्रास दिल्यासारखा भाव. धातूचा कुठलाही तुकडा हाती आला की ते आधी त्याला टिचकी मारून कानाशी धरत, आणि मगच समोरच्या माणसाकडे बघत. देवघरातली समई असो की पिठाच्या गिरणीचा दांडा, त्यांच्याकडे आलेली वस्तू आली त्याहून बरी होऊनच परत जाई. केतकीने फुटका पिस्टन पुढे केला तेव्हा त्यांनी तो झरोक्याशी नेऊन बराच वेळ फिरवला आणि त्याच्या कडेला कापलेल्या चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यावर नख टेकवलं.

"हा कोपरा काटकोनात ठेवलाय. सगळा ताण इथं येतो. गोल केला तर फुटायचा नाही."

"मग गोलच करा ना," मी म्हणाले.

"केला की नापास. बाई, तुमच्या समितीला जुनी चूक हवी आहे, मापासकट."

तरी त्यांनी हार मानली नाही. कोपरा गोल करू द्यावा म्हणून अर्ज करायचं ठरलं. मजकूर भाऊंचा, अक्षर माझं, शाळेत बत्तीस वर्षं फळ्यावर गिरवलेलं. दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. मूळ रचनेत बदल करता येणार नाही. समितीचंही खोटं नव्हतं. आज कोपरा, उद्या अख्खं इंजिन, मग शर्यत कशाची? पण मला ते पत्र वाचताना डांबरावरून घसरणारी माझी मुलगीच दिसत होती. शेवटी भाऊ काटकोनी कोपऱ्याचा, मुळाबरहुकूम पिस्टन करायला बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्याच कामाची लाज वाटताना मी पाहिलं.

मग मी एक गोष्ट केली, जी केतकीला आजवर सांगितलेली नाही. एका सकाळी कोथरूडहून बस पकडून एकटीच त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "भाऊ, चार ग्रॅम वजन जास्त राहू द्या. समिती नाकारेल. माझी पोर घरी बसेल."

लेथ थांबला. पेठेतले सगळे आवाज एकदम आत आले; कुठेतरी पत्र्यावर हातोडी पडत होती.

"घरी नाही बसणार," ते म्हणाले. "कुठूनतरी दुसरा आणील, कुठल्यातरी कागदावर पास करून घेईल. तो कोण बघणार? माझा निदान मी बघेन." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "मलाही भीती वाटते, बाई. तुम्ही एक करा. शाळेत खडू उरले असतील तर आणून द्या."

शाळेत तोवर पांढरे गुळगुळीत फळे आले होते आणि खडूंची खोकी माळ्यावर धूळ खात होती. मी ती मागून आणली, स्वयंपाकघरातल्या खलबत्त्यात खडू कुटले, जुन्या मलमलीतून गाळले. मंजुरी आली त्या दिवशी केतकी नाचली; मी मात्र भुकटीचा डबा भरत बसले.

तेव्हापासून प्रत्येक शर्यतीनंतरच्या सोमवारी पिस्टन इंजिनातून निघे आणि कामावर जाण्याआधी केतकी मला त्याच्यासह कसबा पेठेत सोडी. भाऊ तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवत, काढून कोरडा पुसत आणि त्यावर चिमटीने भुकटी भुरभुरवत, लग्नातल्या रांगोळीला घेतात त्या निगुतीने. धातूत केसाएवढी जरी चीर असली तरी तिच्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. ती उमटायला वेळ लागतो. त्या वेळात भाऊ मान किंचित डावीकडे कलती ठेवून, डोळे बारीक करून असे स्तब्ध बसत, की त्यांच्या भुवईवर बसलेला खडूचा कणही हलत नसे. मी तिथे किती सोमवार काढले मोजले नाहीत. रेघ आली नाही. "चला, अजून एक शर्यत," म्हणत ते पिस्टन पुसून माझ्या हातात देत आणि सगळं जग आपल्याला छळायलाच जन्माला आल्यासारखा चेहरा पुन्हा करत.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. आजार दोन आठवड्यांचा.

त्यानंतरची पहिली शर्यत झाली आणि सोमवारी केतकी पिस्टन हातात घेऊन दारात उभी राहिली. "आई, आता कोण चेक करणार?" असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो माझ्या पुढ्यात ठेवला. बाल्कनीत बसून मी रॉकेल पुसलं, भुकटी टाकली, मान कलती करून श्वास रोखला. खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. आणि पिस्टनच्या खिडकीच्या काटकोनी कोपऱ्यात, भाऊंनी नख टेकवलं होतं नेमकं तिथे, एक काळा ठिपका आला आणि वर सरकू लागला.

केतकी खाली फरशीवरच बसली.

तो चिरलेला पिस्टन सोबत जोडून मी तिसरा अर्ज लिहिला. या वेळी उत्तर लवकर आलं: गोल कोपऱ्याचे नमुने पाठवा, विचार करू. पण नमुने करणारा माणूस कुठे होता? मी वर्कशॉपवर गेले, भाऊंच्या पत्नीला सगळं सांगितलं. वहिनी उठल्या आणि कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून आणला. आत गोल कोपऱ्याचे पिस्टन होते, आमच्या दोन नकारपत्रांत गुंडाळलेले. पिस्टनही दोन. त्यातला एक कापायचा असतो, हे भाऊंना ठाऊक होतं.

एक कापला गेला, मंजूर झाला. दुसरा आज केतकीच्या गाडीत आहे. सोमवार मात्र मी सोडलेला नाही. दर शर्यतीनंतर बाल्कनीत तीच मलमल, तोच डबा, तोच रोखलेला श्वास. भीती काही गेली नाही. भुकटी पांढरी राहते, पांढरीच राहते, आणि तेवढा वेळ माझ्या शेजारी कुणीतरी मान डावीकडे कलती करून बसलेलं असतं. काळ माणूस घेऊन जातो. त्याने जे घडू दिलं नाही ते तेवढं मागे राहतं, आणि ते दिसत नाही म्हणून त्याची आठवण ठेवायला कोऱ्या पांढऱ्याकडे खूप वेळ बघत बसावं लागतं.