पालथा कुकर

मी कुकर बोलतोय. शिट्टी देत नाहीये, बोलतोय. शिट्टी आता माझ्याकडे नाही. ती कुठे गेली ते पुढे येईलच. सध्या मी एका उंच पठारावर, उघड्या माळावर, थंडगार मातीत तोंड खुपसून पालथा पडलोय. अंगावर एका आचाऱ्याचं जुनं कापसाचं जाकीट आहे आणि बुडाला भोक आहे. तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला भंगारात काढलं. तसं काही नाही. तीन देशांची शिकलीसवरली माणसं माझ्यापुढे गुडघे टेकतात.

माझा जन्म कारखान्यातला. अ‍ॅल्युमिनियमच्या गोल पत्र्यावर दणकन दाब पडला आणि मी भांडं झालो. दाबाशी नातं असं पाळण्यातलंच. मग घासूनपुसून, झाकण बसवून, बुडावर 'पाच लिटर' असा शिक्का मारून मला दुकानाच्या फळीवर ठेवलं. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी माझं झाकण चारदा लावलं, चारदा काढलं, मग मला कानाशी धरून टिचकी मारली. दुकानदार म्हणाला, "ताई, कुकर आहे, कलिंगड नाही." त्या म्हणाल्या, "दोन्ही आतून कळतात." आणि मला घेऊन गेल्या.

घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या दारातच शिलाई मशीन, आणि माझ्यावर लक्ष ठेवायचं काम मुलीकडे. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर," आई मशीनवरून सांगायची. मुलगी हो म्हणायची. ती खिडकीपाशी काचेच्या बरणीत माती आणि पाणी ढवळून कोणता थर आधी खाली बसतो ते बघत असायची. तीन व्हायच्या, पाच व्हायच्या, सात व्हायच्या. मी घसा फोडून ओरडत राहायचो. शेवटी आई हातातलं कापड टाकून धावत यायची, गॅस बंद करायची आणि भाताच्या लगद्याकडे बघून म्हणायची, "गॅस बंद कोण करायचा? किती सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी."

ते वाक्य मला फार लागायचं. बोलणी मुलीला बसायची, पण घडा हा शेवटी आमच्याच जातीतला. भांडं पालथं म्हणजे बिनकामाचं, हे मी तेव्हाच मनाशी धरून बसलो.

मुलीचं मातीचं वेड काही गेलं नाही. ती त्याच विषयात शिकली, मोठी झाली, आणि एक दिवस तिची निवड त्या पठारावरच्या संशोधन केंद्रात झाली. केंद्र तीन देशांनी मिळून चालवलेलं. आईने आठवडाभर अबोला धरला. मुलगी गेली, हंगाम संपल्यावर परत आली तेव्हा गालफडं बसलेली. आईने विचारलं, "तिकडे जेवायला देत नाहीत का?"

"देतात. पण आई, तिकडे पाण्याला उकळी येते आणि बटाटा शिजत नाही."

आईने कात्री खाली ठेवली. "उकळी येते आणि शिजत नाही?"

"हवा विरळ आहे गं. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. पुरेसं तापतच नाही."

आईने वाद घातला नाही. पुढच्या खेपेला स्वेटरांच्या मधोमध मला बसवलं, झाकणाला नवी रबरी रिंग घातली आणि आणखी एक रिंग पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. "उपाशी राहून संशोधन करायचं नाही," एवढंच म्हणाली.

पठार म्हणजे आभाळाच्या जवळ नेऊन ठेवलेलं मैदान. तिथे बुटाची नाडी बांधली तरी माणसाला दम लागतो. केंद्र म्हणजे लोखंडी खोल्यांची एक रांग आणि मध्ये एक स्वयंपाकघर. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. इथे देशोदेशीच्या शेगड्या होत्या. प्रत्येक देशाची माणसं आपापल्या खोलीत, आपापल्या शेगडीवर, आपापलं काहीतरी गरम करून खायची. भाषाही तीन. आपसात सगळे एक चौथीच भाषा मोडूनतोडून बोलायचे. मला भांड्याला सूर तेवढा कळतो. तुम्हाला मी सगळं आपल्या बोलीत सांगतोय.

नावं एकमेकांना उच्चारता येत नसत, म्हणून टोपणनावं पडली होती. आमची मुलगी तिथे मातीबाई झाली. दुसऱ्या देशाचे प्रमुख म्हणजे मास्तर. वयाने मोठे, तोंडात कवळी, बोलणं मोजकं. तिसऱ्या देशाचा यंत्रं सांभाळणारा उंचच उंच माणूस म्हणजे लांबोजी. दारातून येताना दर वेळी वाकायचा आणि तरीही दर वेळी आपटायचा. आणि एक आचारी. त्याने घेवडा दोन दोन दिवस भिजवला, उकळ उकळ उकळला, तरी दाणा दाताखाली खडकासारखाच राहायचा. सगळे त्यालाच नावं ठेवायचे आणि तो पाण्याला.

माझी पहिली शिट्टी झाली तेव्हा हा आचारी ताट ढालीसारखं धरून दारामागे गेला. दुसरीला डोकावला. तिसरीला बाहेर येऊन म्हणाला, "बाई, हा असाच ओरडतो की माझ्यावर चिडलाय?"

त्या दिवशी घेवडा लोण्यासारखा शिजला. बाहेरची हवा विरळ असली तरी मी आपल्या पोटात दाब धरून ठेवतो, माझा धंदाच तो. वास सुटला तसा लांबोजी स्वतःचा वाडगा घेऊन आला, आपटून कपाळ चोळत बसला. मग मास्तर आले. आठवड्याभरात शेगड्या बंद झाल्या आणि सगळे एका टेबलावर जेवू लागले. यात माझा वाटा मोठा होता, हे मी सांगणारच; दुसरं कोणी सांगायला तयार नाही.

आता या मंडळींचं काम काय ते सांगतो. पठाराची माती खोलवर गोठलेली आहे. तिच्यात जुनी मुळं, गवत, पाला तसाच अडकून पडलाय. माती वितळू लागली की ते कुजतं आणि त्यातून गॅस निघतो. तो हवेत गेला की पृथ्वी आणखी तापते आणि माती आणखी वितळते. हिवाळा सरताना, पहिल्या वितळीत, तो किती निघतो हेच कळायला हवं होतं. त्यासाठी जमिनीवर एक भांडं उपडं घालायचं, कडा घट्ट बंद करायच्या आणि आत साठलेली हवा नळीने यंत्राकडे न्यायची. त्या भांड्याला सगळे टोपी म्हणत.

घोळ इथेच होता. तीन देशांनी तीन तऱ्हेच्या टोप्या आणल्या होत्या, आणि एकाच माळाची उत्तरं तीन यायची. "तुमची टोपी गळते." "तुमची उन्हात तापते." आधी हे हसतखेळत चालायचं. मग प्रत्येकाला मनातून वाटू लागलं की बाकीचे दोघे मिळून आपल्याला टोपी घालतायत. असे दोन हंगाम वाया गेले. मास्तरांनी एकदा जेवताना सांगून टाकलं, "या वितळीत तिघांचं एक उत्तर आलं नाही, तर केंद्र बंद. वरून तसा निरोप आहे."

मातीबाईचा घास हातातच राहिला. नंतर भांडी पुसताना ती आचाऱ्याला म्हणाली, "लहानपणापासून मला हेच करायचं होतं. केंद्र गेलं तर मला परत इथे कोण पाठवणार?" आचारी माझं झाकण पुसत होता. ते त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ पुसलं.

म्हणून तिघांनी मिळून एकाच कारागिराकडून एकसारख्या तीन टोप्या करून घेतल्या. जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या. त्या शेवटच्या गाडीतून वर आल्या आणि जुन्या टोप्या त्याच गाडीने खाली गेल्या. लांबोजीने त्या स्वच्छ धुतल्या आणि सपाट दगडांवर वाळत ठेवल्या. पठारावरचा वारा सांगून येत नाही. लांबोजी हात पुसेपर्यंत तिन्ही टोप्या गडगडत कोरड्या ओढ्यात गेल्या होत्या. दोन टोप्यांचे तुकडे झाले, तिसरी वरपासून खालपर्यंत तडकली. थंडीत डिंक धरेना. वितळ सुरू झाली होती आणि रस्त्याचा चिखल झाल्याने आता गाडी येणार नव्हती. त्यांनी बादली उपडी घालून पाहिली, पिठाचा डबा घालून पाहिला. कडेने हवा जायचीच.

त्या दुपारी सगळे टेबलाशी बसले होते. लांबोजी दोन्ही हातांत डोकं धरून. मी शेगडीवर होतो. तीन शिट्ट्या दिल्या. मातीबाई उठली नाही. चौथी दिली.

"बाई, तीन झाल्या केव्हाच," आचारी म्हणाला.

ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी बरणीकडे बघायची तशी. "याच्या कडेने हवा जात नाही," ती म्हणाली.

आधी आचाऱ्याच्या लक्षात आलं, मग माझ्या. "नाही," तो म्हणाला. "नाही म्हणजे नाही. वितळ संपेपर्यंत काय खडे चावणार सगळे?"

मास्तरांनी कवळी जिभेने नीट बसवली आणि म्हणाले, "चावू."

लांबोजी ड्रिल घेऊन आला. मातीबाईने मला पोटाशी धरलं. "थांबा. हा माझा नाही, आईचा आहे. तिला विचारते."

तिथला फोन सरळ उपग्रहाशी बोलणारा, मोकळ्यावरच चालणारा. ती मला घेऊनच बाहेर गेली. पलीकडून आईचा पहिला प्रश्न नेहमीचाच, "कुकर कसा आहे?" मुलगी कशी आहे हे ती कधी सरळ विचारत नसे.

"आई, त्याला भोक पाडावं लागेल." आणि मग तिने सगळं सांगितलं. झाकणाचा मधला भाग कापायचा, नुसती कड ठेवायची, ती पत्र्याच्या कड्यावर ठोकून जमिनीत बसवायची आणि वरून कुकर पालथा घालून फिरवून घट्ट लावायचा. बुडाच्या भोकातून नळी काढायची.

पलीकडे मशीनचा आवाज थांबला. "आणि तू खाणार काय?"

"सगळे खातील तेच."

"म्हणजे अर्धं कच्चं."

"हो."

खरखरीतून कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. "जुन्या रिंगवर काम करू नकोस," आई म्हणाली. "दुसरी दिलीये, आतल्या कप्प्यात आहे. आणि शिट्टी फेकू नका. ती मला परत हवी."

भोक पाडताना दुखलं. खोटं कशाला बोलू? झाकण कापलं तेव्हा तर मी बघितलंच नाही. पण नंतर एक गंमत झाली. मापासाठी माझ्या पोटात किती हवा मावते ते हवं होतं. बुडावरच्या 'पाच लिटर'वर कोणाचाच विश्वास नाही. भोकाला बूच मारून तिघांनी आपापल्या भांड्याने पाणी ओतून मोजलं. तिघांचं माप एकच आलं, आणि ते पाच लिटरच्या जरा खालीच निघालं. कारखान्यानेही आमच्या आईला टोपीच घातली होती तर. तिघे एकमेकांकडे बघून हसले. एकाच उत्तरावर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग मला माळावर नेलं. आयुष्यभर झाकण माझ्या डोक्यावर. आता मी झाकणाच्या डोक्यावर. फिरवलं, खट्ट आवाज झाला, बसलो. ऊन लागून मी तापू नये म्हणून काय पांघरावं यावर खल चालला होता, तेवढ्यात आचारी तणतणत आला आणि स्वतःचं जाकीट काढून माझ्यावर घातलं. "परत हवंय मला," म्हणाला. अजून घेतलेलं नाही.

टोपी एकच, त्यामुळे भांडायची सोयच राहिली नाही. एका नळीला तीन यंत्रं पाळीपाळीने जोडायची. तिघांनाही रोज एकत्र यावं लागे, गुडघे टेकून बसावं लागे. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "तिघांनी एकदम बोलायचं." तिघे एकदम बोलले. आकडा एकच. लांबोजीने मोठा श्वास सोडला. मास्तरांनी कानटोपी काढून डोकं खाजवलं. मातीबाई माझ्या जाकिटाची बटणं लावत बसली. रात्रीच्या जेवणात घेवड्याचे दाणे सगळ्यांच्या दातांखाली वाजले आणि आचाऱ्याला कोणी नावं ठेवली नाहीत.

वितळ संपेपर्यंत आकडे जुळत राहिले. केंद्र बंद होणार नाही असा निरोप आला, तेव्हा मातीबाईने माझ्या शेजारी बसून आईला फोन लावला.

"जमलं आई. तिघांचं उत्तर एक आलं."

"म्हणजे पालथाच घातलास शेवटी."

"पालथाच."

आई हसली. मीही हसलो असतो, तोंड मातीत नसतं तर. इतक्या वर्षांचा माझ्या मनातला सल त्या हसण्याने गेला. मग आईने विचारलं, "आणि त्या मातीतून निघतं काय म्हणालीस?"

"गॅस."

"पुष्कळ?"

"वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ. आणि दिवसागणिक वाढतोय."

मशीन थांबलं. "मग तो बंद कोण करायचा?"

मातीबाईने उत्तर दिलं नाही. लहानपणीही ती या प्रश्नाला अशीच गप्प बसायची. पण तेव्हा तिचं लक्ष नसायचं.

हंगाम संपल्यावर माझी शिट्टी तिने आईला नेऊन दिली. आईने नवा कुकर घेतलाय आणि त्यावर माझीच शिट्टी बसवलीय. तिसरी झाली की ती हातातलं कापड ठेवून स्वतः उठते आणि गॅस बंद करते, असं मातीबाई सांगते. मी मात्र इथेच आहे. दर वितळीला ही मंडळी येतात, गुडघे टेकतात, आकडा घेतात. दर वेळी तो आधीपेक्षा मोठा असतो. मातीला शिट्टी नाही. ती आवाज न करता गॅस सोडत राहते, आणि माझ्याखालचा तो सगळा आधी माझ्या पोटातून जातो.

माझं म्हणणं इतकंच आहे. मी पालथा आहे, मला उठता येत नाही. तुम्ही सुलटे आहात, आणि तिसरी शिट्टी केव्हाच होऊन गेली आहे.