दोन घरांचा टोप

मित्रांनो, जुने टोप घरोघरी असतात. मी मात्र एका घरचा नाही. मी दोन घरांचा टोप आहे आणि गेलं वर्षभर मी चुकीच्या घरात पडून होतो. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म अॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून झाला. कारखान्यात मला दोन कान ठोकले आणि एका वसतिगृहाच्या खानावळीत धाडलं. सोळा वर्षं मी तिथे भात शिजवला. पोरं मला शिव्या देत आणि दुसऱ्यांदा वाढूनही घेत. मग खानावळ बंद झाली. मी मागच्या अंगणात पालापाचोळा साठवत पडलो. एके दिवशी दोन तरुण बायका आल्या. एकीनं एक कान धरला, दुसरीनं दुसरा, आणि मला उचलून चालू लागल्या. वाटेत दोघी इतक्या हसत होत्या की मला दोनदा रस्त्यात ठेवावं लागलं.

एक इस्पितळात नर्स होती. दुसरी घरी शिलाईकाम करायची. तिची जीभ तिच्या हत्यारासारखीच चालायची, म्हणून नर्सनं तिचं नाव ठेवलं होतं कात्री. कात्री नर्सला 'सिस्टर' म्हणायची, तेही खाटेवरच्या पेशंटसारखं कण्हत. कात्रीला पुढे मुलगी झाली, तिचं नाव आपोआपच बटण पडलं.

दर वर्षअखेरीला तीन दिवसांची सुट्टी असे. तेव्हा दोन्ही घरं आणि जिन्यावरचे शेजारी एकत्र जेवत. एक वर्ष सिस्टरकडे, एक वर्ष कात्रीकडे. कात्री वर्षभराच्या चिंध्या जोडून प्रत्येकाला टोपी शिवायची. मोठ्या डोक्याला लहान आणि लहान डोक्याला मोठी, मुद्दाम. तिचा नवरा बस चालवायचा. तो गाणं सुरू करायचा आणि सगळे त्याला थांबवण्यासाठी त्याच्या तोंडात घास भरायचे. मी मधोमध वाफाळत बसायचो. मित्रांनो, गर्व वाईट, पण त्या तीन दिवसांत मला थोडा व्हायचा.

माझ्याबद्दल एक नियम होता. सुट्टी संपली की पुढच्या रविवारी मला पुढच्या पाळीच्या घरी पोचवायचं. ज्याच्याकडे मी असेन त्यानंच आणून द्यायचं, न्यायला कुणी जायचं नाही. हा नियम कात्रीचा. न्यायला आलेलं माणूस दारातूनच परततं, द्यायला आलेलं चहाला बसतं, असं तिचं म्हणणं.

मागच्या वर्षी पाळी सिस्टरची होती. दोन पाळ्यांची ड्यूटी करून ती थेट स्वयंपाकाला लागली आणि भात खाली लागला. कात्रीनं झाकण उघडून वास घेतला आणि वीस माणसांदेखत म्हणाली, "सिस्टरचं सगळं लक्ष पेशंटकडे. आमचा टोप बिचारा जळून मेला तरी हिला कळायचं नाही." सगळे हसले. सिस्टरही हसली, पण माझा तळ घासताना तिनं तारेची घासणी अशी फिरवली की मला सगळं समजलं.

तो रविवार आला आणि गेला. मी खाटेखाली होतो. दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी कात्रीचा फोन आला. सिस्टर म्हणाली, मला वेळ नाही, हवा असेल तर येऊन ने. पलीकडून कात्रीनं सांगितलं की नियम म्हणजे नियम. दोघींनी एकदमच फोन ठेवला. चौथा रविवार यायच्या आधी, गुरुवारी सकाळी, कात्री शिलाई मशीनवर डोकं टेकवून गेली. हृदय कधीपासूनचं थकलेलं होतं म्हणे.

त्या दिवसापासून सिस्टरनं मला माळ्यावर उपडं टाकलं. उपड्या टोपात घरातला प्रत्येक आवाज घुमतो. म्हणून सांगतो, ती नवऱ्याला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायची. "मी गेले असते तर मला दारातच दिसलं असतं. हृदय थकलं की पायांवर सूज असणारच. मी रोज दुसऱ्यांचे पाय दाबून बघते, आणि हिच्याकडे एक टोप घेऊन जाता आलं नाही मला." नवरा म्हणायचा, अगं, तुझ्या हातात काय होतं. ती म्हणायची, टोप होता.

अंत्ययात्रेला ती गेली होती, पण त्यानंतर त्या घरी तिनं पाऊल ठेवलं नाही. बटणला शाळेबाहेर भेटायची, खाऊ द्यायची, घाईत परतायची. एकदा नवरा म्हणाला, तो टोप तरी भंगारात देऊ, सारखा नजरेसमोर नको. मित्रांनो, मला भीती वाटली, पण भंगाराची नव्हे. मी गेलो असतो तर त्या घरी जायचं शेवटचं कारणही गेलं असतं आणि ही बाई जन्मभर ते ओझं एकटीच वाहत बसली असती.

वर्ष फिरलं. सुट्टीच्या पहिल्याच सकाळी दार वाजलं. बटण तीन मजले चढून आली होती. अकरा वर्षांची पोर, कमरेवर हात.

"मावशी, यंदा पाळी आमची आहे. टोप?"

सिस्टरनं स्टूल घेतलं, मला काढलं, आतून पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. तुला झेपेल का गं, रिक्षा करून देते, असं काहीतरी म्हणाली. बटणनं हात पुढे केले नाहीत.

"असं नाही. ज्याच्याकडे असेल त्यानं आणायचं. आईचा नियम आहे."

रस्ताभर माझा एक कान बटणकडे होता, एक सिस्टरकडे. कुणी हसत नव्हतं. सिस्टरचा हात इतका घामेजला होता की मी निसटतो की काय असं वाटत होतं.

कात्रीच्या नवऱ्यानं, म्हणजे ड्रायव्हरनं, दार उघडलं. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. सिस्टर उंबऱ्याच्या आत आली, मला जमिनीवर ठेवलं आणि उभ्याउभ्याच बोलली. रविवार, रुसवा, फोन, सगळं. शेवटी म्हणाली, "भावजी, मी आले असते तर ती वाचली असती."

ड्रायव्हरनं वाकून मला भिंतीकडे सरकवलं. मग म्हणाला, "कदाचित."



"पण माझंही ऐका," तो म्हणाला. "सूज तिला सुट्टीच्या आधीपासून होती. तुमच्याकडे यायच्या दिवशी तिनं माझे जाड मोजे घातले. म्हणाली, सिस्टरला दिसलं तर मला उचलून दवाखान्यात नेईल आणि सगळ्यांची सुट्टी वाया जाईल. सुट्टी होऊ दे, मग सांगते. मी हो म्हटलं. मला माहीत होतं आणि मी त्या रात्री गाणी म्हटली."

बटणनं बापाकडे बघितलं. तिलाही हे नवीन होतं.

सिस्टर संतापली. "मूर्ख," ती म्हणाली. "मूर्ख कात्री. माझ्यापासून लपवलंस?" आणि वर्षभरात पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. ड्रायव्हरही रडला. दोघांचं ओझं त्यानं हलकं झालं असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की आता ते दोघांना मिळून उचलायचं होतं.

डोळे पुसून सिस्टरनं त्याला खुर्चीत बसवलं. "मोजे काढा."

"अहो, मी ठीक आहे."

"मोजे काढा म्हटलं ना."

त्यानं मोजे काढले. सिस्टर जमिनीवर बसली, घोट्याजवळ अंगठा दाबून धरला आणि मनात आकडे मोजत राहिली. मग म्हणाली, सुट्टी संपली की सोमवारी माझ्याबरोबर इस्पितळात यायचं, सूज नसली तरी यायचं. बटणही चपला काढून रांगेत येऊन बसली. त्यानंतर कुणीतरी मला शेगडीवर चढवलं.

मित्रांनो, आम्हा भांड्यांचं सोपं असतं. पोचा पडला, तळ जळला, की ते चारचौघांना दिसतं. माणसं मोजे घालून हसत येतात. म्हणून जवळच्या माणसावर रुसायचं असेल तर खुशाल रुसा, मीही दोन घरांत खूप रुसवे पाहिले आहेत. पण एका रविवारपुरतंच रुसा. आणि दुखत असेल तर ते कुणाचीही सुट्टी वाचवण्यासाठी झाकू नका. त्या दिवशी जेवायला सतरा माणसं होती. चिंध्यांच्या टोप्या कुणालाच शिवता आल्या नाहीत, आणि ड्रायव्हरनं गाणं सुरू केलं तेव्हा त्याला कुणी थांबवलं नाही.