एक पेंढी जास्त

कानिफनाथाने कॅन्सरचं इंजेक्शन बंद करायचं ठरवलं आणि ते सांगितलं कुणाला, तर दाढी करणाऱ्या न्हाव्याला. झुंबरबाईला, म्हणजे लग्नाच्या बायकोला, ते खर्ड्याच्या बाजारात तिसऱ्याच बाईकडून कळलं. पुरुषांची तऱ्हाच ही. घरातलं दुखणं पारावर सांगतील आणि पारावरचा राग घरात काढतील.

कॅन्सर प्रोस्टेटचा होता. दर तीन महिन्यांनी नगरला इंजेक्शन घ्यायचं, त्याने पुरुषाचं हार्मोन दबतं आणि रोगही दबून राहतो. रोग दबला खरा, पण त्याच्याबरोबर माणूसही दबला. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, सदरा भिजायचा. मांड्या वाळल्या, पोट सुटलं. "माझी पाळी जाताना मला बी असंच व्हायचं," झुंबरबाई एकदा सहज बोलून गेली, तर गडी त्या दिवशी जेवला नाही.

आता तिने विचारल्यावर तो म्हणाला, "असं जगन्यापरीस न जगल्यालं बरं."

चूक तिचीही होतीच. आजाऱ्याला काडी उचलू द्यायची नाही, ही गावाची रीत. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा ठेवून "पडून ऱ्हावा" सांगून जायचा, आणि ती पाण्याचा तांब्यासुद्धा त्याच्या हातात नेऊन द्यायची. पडून पडून तो आणखी खचला.

पुढच्या इंजेक्शनला दोन महिने होते. झुंबरबाई एकटीच एसटीत बसली आणि नगरला गेली. डॉक्टरांनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या मोनिका मॅडमकडे पाठवलं.

"रोज चालायचं, हात न टेकता खुर्चीतून उठबस करायची आणि थोडं ओझं उचलायचं," मॅडम म्हणाल्या. "इंजेक्शनने गेलेली ताकद अशानेच भरून येते. त्यांची हाडं तपासलीत, चांगली आहेत. पण हलक्यापासून सुरू करा. आधी पाण्याच्या बाटल्या."

"बाटल्या?" घरी कानिफनाथ भडकला. "मी ट्रकवर उसाच्या मोळ्या चढविल्यात!" आणि त्याने सरळ पन्नास किलोच्या खताच्या गोणीला हात घातला. गोणी गुडघ्यापर्यंत आली, पाय लटपटले आणि तो गोणीवरच मटकन बसला. नंतर तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला. झुंबरबाईला त्याच्या भडकण्यापेक्षा त्या तसं पडण्याची जास्त भीती वाटली.

वीस हंगाम दोघांनी ऊस तोडला होता. तो तोडायचा, ती मोळी बांधायची, तो उचलायचा. तिने बांधलेली मोळी त्याने उचलली नाही, असं कधी घडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कडब्याच्या दोन पेंढ्या एकत्र आवळल्या आणि अंगणात ठेवल्या.

"एवढं गोठ्यात न्या. माझी कंबर धरलीया."

तो उठला आणि मोळी घेऊन गेला.

मग ते रोजचंच झालं. खुर्चीतून दहा उठबशा काढल्याशिवाय चहा नाही. संध्याकाळी खर्ड्याच्या किल्ल्यापर्यंत चालून यायचं. आणि दर आठवड्याला मोळीत गुपचूप एक पेंढी जास्त. वाफा काही गेल्या नाहीत, पण कमी झाल्या. रात्रीची झोप लागायला लागली. किल्ल्याच्या पायऱ्या चढताना तो भिंत धरेनासा झाला.

एके सकाळी मोळी खांद्यावर घेऊन तो थांबला. "किती पेंढ्या हायेत गं?"

"दोनच की."

"खोटं बोलू नगंस. आठ हायेत. पयल्या आठवड्यापासनं मोजतोय मी."

"मग बोलला का न्हाई?"

"तू बांधतीस तवर उचलायचं म्हनलं."

झुंबरबाई पोट धरून हसली. पण इंजेक्शनचं विचारायची तिची हिंमत होईना. नाही म्हणाला तर पुढे काय, हे तिला ठाऊक होतं. तारखेच्या आदल्या दिवशी तिने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भाजीलाच फोडणी दिली.

तारखेला ती उठून बाहेर आली, तर कानिफनाथ अंघोळ करून, टोपी घालून, फाईल काखोटीला मारून उभा होता.

"चल की. जामखेडची गाडी चुकली तर नगर कवा गाठायचं?"

ती उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली. तो गांगरला. फाईल बाजूला ठेवून तिच्याशेजारी टेकला.

"आता का रडतीस? रोग निघाला तवा तर टिपूस काढलं न्हाईस."

"तवा येळ कुटं हुता?" झुंबरबाई म्हणाली.