कंपनीनं बसवून दिलेला आवाज

जावयानं सासुरवाडीला येऊन काय करावं, याची एक रीत आहे. यावं, हातपाय धुवावेत, वाढलेलं खावं, एखाद्या गोष्टीवरून रुसावं, आहेर घ्यावा आणि गुमान आपल्या गावाला जावं. मथुराबाईच्या जावयाला, व्यंकटरावाला, यातलं खाणं तेवढं जमत होतं. अधिक महिन्यात धोंड्याचं जेवायला बोलावलं, तर बुवा पुण्याहून पंधरा दिवसांची रजा टाकून आला आणि येताना एक यंत्र घेऊन आला. एसटीत यंत्राला खिडकीची जागा आणि बायको तुळजापुरापर्यंत उभी! चांगुणानं हे चपला काढता काढताच आईला सांगितलं, आणि जावई त्या घडीलाच मथुराबाईच्या मनातून उतरला.

यंत्र म्हणजे घरी वापरायचा कंप्युटर. दिसायला परातीएवढी पाटी, तिच्यावर दातांसारखी बटणं. ती टीव्हीला जोडायची आणि बटण दाबलं की पडद्यावर अक्षर उमटायचं. व्यंकटरावाच्या हापिसात म्हणे असली यंत्रं येणार होती, आणि आधी जो शिकेल त्याला बढती. म्हणून साहेबाचंच यंत्र पंधरा दिवसांच्या बोलीवर मागून आणलेलं. शिकेना का, मथुराबाईचं काय जात होतं? पण ते मेलं बोलायचं. एक बटण दाबलं की टुंग. दुसरं दाबलं की टुंग. आणि दाबायचं थांबलं, तर जरा वेळानं आपणहून टुंग टुंग टुंग, म्हणजे मालक, झोपलात का?

“ह्यो आवाज बंद हुत न्हाई व्हय गं?” मथुराबाईनं पहिल्याच दिवशी लेकीला विचारलं. जावयाला थेट विचारायची सोय नव्हती. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला ताट द्यायचं, बोल द्यायचा नाही.

उत्तर ओसरीवरून नारायणानंच दिलं. “मामी, ते तसंच असतं. कंपनीनंच बसवून दिलेलं असतं.”

“कंपनी कुटल्या गावची म्हणावं,” मथुराबाई लेकीला म्हणाली. “आमच्या गोठ्याला इचारून बसवलं का?”

गोठ्याचा विषय उगाच नव्हता. दुष्काळाचं दुसरं वर्ष. विहिरींचे तळ दिसत होते, निम्म्या गावाची जनावरं बेंबळीकडच्या छावणीला गेली होती. गावात बायकांची दूध संस्था होती आणि मथुराबाई तिची चेअरमन. सहीपुरतीच अक्षरं येत होती, पण ती सही करायच्या आधी ती तीनदा वाचून घ्यायची, दुसऱ्याकडून. रोज सकाळी शीतकेंद्राची गाडी यायची आणि एक कॅन घेऊन जायची. पुरता भरलेला कॅन. तिकडच्या साहेबानं सांगून ठेवलं होतं, अर्ध्या कॅनसाठी डिझेल जाळणार नाही. दहा घरांचं लोटीलोटी दूध आणि मथुराबाईची नुकती व्यालेली म्हैस, यांच्यावर तो कॅन कसाबसा काठाला लागायचा.

जावई आला बुधवारी. गुरुवारी म्हशीनं पान्हा चोरला. शुक्रवारी तर तिनं नुसती आचळं ओली केली.

शनिवारी सकाळी संस्थेचा सेक्रेटरी गुरुलिंग कॅनमध्ये पट्टी बुडवून म्हणाला, “मथुराक्का, चार बोटं कमी. डायवर म्हंतोय, आज न्हेतो, पर उद्या असंच झालं तर सोमवारपासनं गाडी बंद.”

“गाडी बंद झाल्यावर आमी बायांनी दूध कुटं न्यायचं?”

“मी काय सांगू? म्हस तुमची.”

शब्द बरोबर वर्मी लागला. मथुराबाईनं म्हशीची दृष्ट काढली, तिच्यासाठी सरकी भिजवली, पारडू तिच्यापुढं बांधलं. उपयोग शून्य. मग तिनं संध्याकाळी नीट बघितलं. दुष्काळात लाईट फक्त दोन वेळा यायची, पहाटे आणि दिवेलागणीला. धारा काढायची वेळही तीच. लाईट आली की जावई यंत्रापुढं बसायचा. ओसरी आणि गोठा यांच्यामध्ये एक कुडाची भिंत. तिकडं टुंग झालं, की इकडं म्हशीचे कान उभे, पाठ ताठ, आणि दूध वर.

अस्सं! म्हणजे चोर गोठ्यात नव्हता, पाटावर बसवून जेवू घातलेला होता.

लेकी बोले सुने लागे, तसं तिनं म्हशीला मोठ्यानं सुनावलं, “सकाळ-सांज नुसती टुंगटुंग करून दुसऱ्याच्या घरचं दूध आटवायचं, ह्याला काय माणूसपण म्हणावं का गं? जरा लाज बाळगावी!”

कुडापलीकडचं टुंग थांबलं. लागलं म्हणायचं! पण व्यंकटराव दारात येऊन आपुलकीनं म्हणाला, “मामी, जनावरावर असं ओरडू नये. त्यांनाही मन असतं. परदेशात तर म्हशींना गाणी ऐकवतात.”

आणि आत जाऊन परत टुंग.

मथुराबाईनं कपाळाला हात लावला. मग लेकीला चुलीपाशी ओढलं. “त्या खोक्यात चोपडी हाय का न्हाई एखादी?”

“हाय की. इंग्रजीत. ह्ये म्हंत्यात, चोपडी वाचतंय अडाणी. हुशार माणूस करून बघतंय.”

“तू मॅट्रिक हायीस. काढ.”

“आई, त्येनला राग यील.”

“अगं, कळंबच्या बाजारातनं ही म्हस आणली तवा लाथ मारायची. मागच्या मालकानं लावलेली खोड. असंच असतंय म्हणून म्या लाथा खात बसले व्हय? महिन्यात मोडली खोड. वस्तू घरी आली की तिला घरचं वळण लावायचं असतंय, तिच्या माहेरचं न्हाई.”

त्या संध्याकाळी जावयाला चुलत्याच्या घरी धोंड्याचं जेवण होतं. तो कडक इस्तरीचा सदरा घालून गेला आणि मायलेकी टीव्हीपुढं बसल्या. चांगुणा बोट फिरवत चोपडी वाचत होती, अडत होती, पुन्हा मागं जात होती. बाविसाव्या पानावर ती थांबली.

“सापडलं! हितं लिवलंय, आवाज नको असल तर बंद करता येतो. आन मधनं मधनं हाक मारतंय, ती बी. यंत्रात सेल असतोय, लाईट गेली तरी त्येच्या ध्यानात ऱ्हातंय.”

“बघ! कंपनी शहाणी हाय. तिनं कडी बी दिली, कोयंडा बी दिला. वाचणारा नको का?”

चांगुणानं बटणं दाखवली आणि मथुराबाईनं पदराला बोट पुसून ती स्वतः दाबली. शेवटचं एकदा टुंग झालं आणि मग काही नाही. तिनं खात्रीसाठी चार बटणं दाबून बघितली. मुक्यानं चार अक्षरं उमटली.

रविवारी पहाटे लाईट आली. मथुराबाई म्हशीखाली बसली. कुडापलीकडं पाट सरकला, जावई बसला. तिनं आचळाला हात घातला. म्हशीचे कान पडलेलेच राहिले. मग पहिली धार बादलीच्या तळाला लागली, मग दुसरी, आणि बघता बघता फेस काठावर चढला. मथुराबाईनं म्हशीच्या पोटाला डोकं टेकलं आणि डोळे मिटून काढत राहिली.

“गेलं! मेलं! साहेब मला खातोय आता!” व्यंकटराव ओरडत अंगणात आला. तोवर बादली भरली होती.

यंत्र काही मेलं नव्हतं. आवाज येईना म्हणून यानं एकच बटण दाबून धरलं होतं, आणखी जोरानं दाबलं होतं, अंगठ्यानं दाबलं होतं. अख्खा पडदा एकाच अक्षरानं भरला होता. पण पडद्याकडं बघितलं कुणी? चार दिवस हा कानानंच शिकत होता.

चांगुणानं काय केलं ते भीतभीत सांगितलं. व्यंकटरावाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. “अगं पण आता मला दाबल्यासारखंच वाटत नाही. ते आधीचं होतं तसं करून दे. मूळचं ते मूळचं.”

तेवढ्यात दारात गाडी थांबली. गुरुलिंगानं मथुराबाईची बादली कॅनमध्ये ओतली, पट्टी बुडवली आणि नुसती मान हलवली. काठोकाठ. डायवरनं झाकण ठोकून बसवलं आणि म्हणाला, “उद्या येतो, चेअरमनबाई.”

गाडी गेली. व्यंकटराव अजून बायकोच्या मागं लागलेलाच होता, “कंपनीनं दिलंय तसं करून दे ना.” मथुराबाईनं पदर खोचला, चार दिवसांत पहिल्यांदा सरळ जावयाच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली,

“जावईबापू, अधिकात नारायणाला बोलू न्हाई म्हंत्यात, पर आता ऐकाच. यंत्रात कायबी खोट न्हाई; सांगणारं माणूस भेटलं, गप बसलं बिचारं. खोट तुमच्यात हाय. तुमच्या आईनं जसं धाडलं तसं दहा वर्सं तुमी वाजताय, आन आमची पोरगी असंच असतंय म्हणून ऐकतीय. तुमच्यासंगं बी त्या माउलीनं एक चोपडी द्यायला पायजे हुती, म्हंजी पयल्या महिन्यातच बाविसावं पान काढलं असतं!”