रव्याच्या लाडवातला अणू

भोरच्या एका शाळेत रघुवीर सरांचा लाडू प्रसिद्ध होता. अणू शिकवायच्या दिवशी ते घरून रव्याचा लाडू आणत. रवा म्हणजे धन विद्युत, त्यात रुतलेले बेदाणे म्हणजे ऋण कण. तास संपला की लाडू फोडून वाटत. त्यामुळे गावातल्या बऱ्याच जणांना अणू ठाऊक होता, आणि तो गोड होता.

पुढे एका मे महिन्यात, पुण्याच्या वाचनालयात जुनी इंग्रजी मासिकं चाळताना सरांना कळलं, की लाडू केव्हाच मोडीत निघालाय. विलायतेत कुणी सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण मारून पाहिले होते. बहुतेक आरपार गेले, अगदी थोडे उलटे फिरले. म्हणजे अणू जवळजवळ पोकळच. वजन सगळं मधल्या एवढ्याशा केंद्रात. सरांनी लाडू आणणं बंद केलं. मुलं हिरमुसली.

एकोणीसशे तेहतीस साली वेल्ह्याचा कुंडलिक शाळेत पहिला होता. पुण्याला शिकायचं तर एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती एकालाच, तोंडी परीक्षेवर. परीक्षक म्हणून आले शरच्चंद्र वकील, सरांचे जुने विद्यार्थी. कुंडलिकचा बाप रखमाजी दाराशी उभा होता.

"अणू कसा असतो?" वकिलांनी विचारलं.

"पोकळ. तोरण्याएवढा अणू धरला, तर समदं वजन मधी एका आवळ्यात."

"पोकळ? मग हे टेबल कशावर उभं आहे? अरे, रव्याचा लाडू असतो ना, तसा. बेदाणे दिसतात बघ त्यात."

"म्या खाल्ला न्हाई जी कदी."

सगळे हसले. सर उठले. "त्याचं बरोबर आहे. मी तुम्हाला शिकवलं ते... चुकीचं होतं."

"सर!" वकिलांनी प्रेमाने हात जोडले. "विद्यार्थ्याला पाठीशी घालायची तुमची सवय काही जात नाही."

"मासिकात आलं होतं—"

"दाखवा की."

मासिक वाचनालयाचं होतं. सर खाली बसले.

शिष्यवृत्ती गावातल्या एका मुलाला मिळाली. थोरल्या भावाकडून ऐकलेला लाडू त्याने बेदाण्यांसकट सांगितला होता.

बाहेर रखमाजीने सरांना गाठलं. "मास्तर, त्यो लाडू तुमाला ठावा हुता न्हवं?"

"हो."

"वकीलसायेब त्योच इचारनार, ह्ये बी ठावं हुतं?"

"वाटलं होतं. पण तो चुकीचा आहे, रखमाजी."

"आसंल. पोरगं चुकीचं बोलून पुन्याला गेलं असतं, आन् बरुबर काय त्ये थितं शिकलं असतं. आता बरुबर घिऊन गुरं राकंल."

कुंडलिक सरांच्या पाया पडायला वाकला. बापाने त्याचा दंड धरून त्याला सरळ उभा केला.

"ऱ्हाऊ दे," रखमाजी म्हणाला. "लांब जायाचं हाय."