देवराम गुरुजींच्या टाकाची शेवटची सही

मी एक जुना टाक आहे, शिसवी दांड्याचा, शाईत बुडवून लिहायचा. मित्रांनो, माझं रडगाणं ऐकवायला मी बसलेलो नाही. मी रागावलेलो आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो.

जव्हारच्या बाजारात अब्दुलभाई सुतारांनी पलंगाचे पाय करून उरलेल्या तुकड्यातून मला कातून काढलं. "मास्तर, निब बदलत राहा, दांडा तुमच्या मुलांना पण पुरेल," असं म्हणून त्यांनी मला देवराम गुरुजींच्या हाती दिलं. गुरुजी शेतकऱ्याच्या घरातले. पोशेऱ्याच्या शाळेत शिकवायचे, मुलांसाठी गोष्टी लिहायचे आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढायचे.

हात मात्र सुरेख होता त्यांचा. ससा काढला तर त्याचे कान हलतील असं वाटायचं. आमची पहिली दोन पुस्तकं मुंबईत छापली गेली, वर्तमानपत्रात कौतुक आलं आणि त्यांच्याबरोबर मीही फुगलो. तिसऱ्या पुस्तकात मुलं पळवून खाणारी चेटकीण होती, पोशेऱ्याकडे जिला भुताली म्हणतात. तिचा चेहरा काही केल्या गुरुजींना सापडेना.

तो सापडला गोजाबाईच्या ओट्यावर. गोजाबाई पोशेऱ्याच्या पाड्यावरची म्हातारी. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवरा गेल्यापासून ती स्वतः लिहीत नसे, शेजारी बसून सुवासिनींना सांगत असे. त्या चित्रांतल्या माणसांना डोकी असत, तोंडं नसत. गुरुजी मला आणि दौतीला घेऊन तिच्यासमोर बसले, तशी तिने कागदावर हात आडवा धरला.

"गुरुजी, तोंड नको काढू. आमी कोणाचाच तोंड नाय काढत."

गुरुजी हसले. तिचा हात हळूच बाजूला करून त्यांनी हनुवटीवरचा मस काढला, फाटलेली कानाची पाळी काढली, कपाळावरचं गोंदणही सोडलं नाही. घरी आल्यावर माझ्याकडून नखं वाढवून घेतली आणि दात पुढे आणले.

"पोशेऱ्यात कोण पुस्तक विकत घेतंय?" ते बायकोला म्हणाले.

विकत कोणी घेतलं नाहीच. पण पुस्तक गाजलं आणि सरकारने ते शाळाशाळांना वाटलं. पोशेऱ्याच्या शाळेतही एक प्रत शिक्क्यासकट पोचली. गुरुजी तोवर बदली होऊन जव्हारला आले होते. पोरांनी चेटकिणीचं चित्र बघताच गोजाबाईला ओळखलं. त्या पावसाळ्यात पाड्यावरची काही पोरं तापाने दगावली होती, आणि ती कोणी खाल्ली याचा शोध भगत घेतच होता. आता तर पुस्तकात छापून आलं होतं, वर सरकारचा शिक्का. सरकार खोटं कशाला छापेल?

एका सकाळी गोजाबाईची मुलगी कोंडी पहिल्या एस्टीने जव्हारला आली. गुरुजी पुण्याला निघायच्या गडबडीत होते. पुस्तकाला बक्षीस मिळालं होतं.

"गुरुजी, माझे आयशीला भुताली ठरवतांत. उद्या पंच बसतील. तुमी चला. चित्र मनानं काढलाय, इतका बोला."

"अगं, उद्या माझा सत्कार आहे."

"मग हे खोटा आहे असा लिहून तरी द्या."

त्यांनी मला दौतीत बुडवलं. मला वाटलं, लिहितील. पण तसं लिहिणं म्हणजे तो चेहरा कोणाचा हे कबूल करणं, आणि बक्षिसाच्या तोंडावर त्यांना ते नको होतं. त्यांनी कपाटातून पुस्तकाची नवी प्रत काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'चि. कोंडीस सप्रेम भेट', आणि खाली सही केली.

"हे दाखव पंचांना," ते म्हणाले.

कोंडीला वाचता येत नव्हतं. तिने पुस्तक कपाळाला लावलं आणि धावत परत गेली.

पावसाळा सरल्यावर ती पुन्हा आली आणि पुस्तक टेबलावर माझ्या शेजारी ठेवलं. ती रडत नव्हती.

"शाळेतले पोरानं वाचून दाखवला. पंच बोलले, गुरुजीनं सही करून सांगलाय का हीच भुताली. आयशीला दगडा मारत शिवाराबाहेर काढली. मग ती वहाळात मेलेली गावली."

"मला काय ठाऊक होतं, बाई," गुरुजी म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी पुस्तकाला लागलेला चिखल फडक्याने पुसला आणि प्रत कपाटात परत लावली.

पुण्याच्या सत्कारात त्यांना सोनेरी टोपणाचं पेन मिळालं होतं, म्हणून त्या सहीनंतर मी टेबलावर नुसताच पडून होतो, आता खणात गेलो. त्या पेनाने त्यांनी पुढचं पुस्तक केलं, गावाने हाकलून दिलेल्या एका बिचाऱ्या म्हातारीचं. अर्पणपत्रिकेत गोजाबाईचं नाव होतं. चेहराही तिचाच होता, फक्त या वेळी दात आत होते. लोकांनी डोळे पुसले आणि गुरुजींना आणखी एक शाल मिळाली. कोंडीला याही वेळी कोणी विचारलं नाही.

माझ्या निबवर त्या सहीची शाई तशीच वाळून बसली आहे. मित्रांनो, टाक वापरून झाला की धुऊन ठेवावा, हे तुमच्या बाई तुम्हाला सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. कोणी कागदावर हात आडवा धरला, तर तो बाजूला सारू नका. आणि कोणी दारात येऊन "तुम्ही चला" म्हणालं, तर त्याला सही देऊ नका. उठा आणि चपला घाला.